शून्य ते एक

"याचं वय किती लिहू?" मी विचारलं.

"दोन दिवस," रूथ म्हणाली.

माझ्या वहीतला वयाचा रकाना वर्षांचा होता. शून्य ते एक, एक ते पाच, पाच ते दहा, असे वर्ग होशिंग सरांनी फळ्यावर आखून दिले होते आणि मी ते पट्टी लावून उतरवून घेतले होते. दोन दिवस शून्य ते एकमध्ये बसत होते. तरी मी पेन्सिल उचलून धरली आणि पुन्हा वाकून पाहिलं. हातभर लांबीची सिमेंटची लादी होती. सिमेंट ओलं असताना खिळ्यानं कोरलेली अक्षरं होती. शमुवेल याकोब साळवे. जन्म ३ जून १९७४. मृत्यू ५ जून १९७४.

"दोन दिवसांत नाव कधी ठेवलं?"

"पहिल्याच दिवशी. तो दूध ओढेना, म्हणून पाळकसाहेबांना घरी बोलावलं. त्यांनी बाप्तिस्मा दिला. बिननावाचा कसा पाठवायचा?"

"तुला कसं माहीत?"

"माझा भाऊ आहे तो," रूथ म्हणाली. "अक्षर पप्पांचं आहे. त्यांचा श बघ, तो नेहमी असाच पोट सुटल्यासारखा येतो."

मी श पाहिला. तसाच होता. मग मी शून्य ते एकच्या पुढं एक उभी रेघ काढली आणि म्हणाले, "पुढचा?"

रूथनं हातरुमालानं लादीवरची माती झटकली आणि ती उठली. "पुढच्या मार्थाबाई. ऐंशीच्या वर होत्या. पप्पा म्हणतात, देवालाही त्यांची भीती वाटत असणार."

हे १९८१च्या फेब्रुवारीतलं. आम्ही नववीत होतो. नगर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, त्यातली एकुलती एक मोठी शाळा, आणि शनिवारी शाळेत भरणारं विज्ञान प्रदर्शन. बाकीच्या वर्गांनी ज्वालामुखी आणि पाणचक्क्या घेतल्या होत्या. होशिंग सर आम्हाला गणित शिकवत. ते म्हणाले, "आपण काही बनवायचं नाही, आपण मोजायचं. आपल्या गावात माणूस किती वर्षं जगतो?" एका तुकडीनं नगरपालिकेच्या मृत्यूनोंदींतून वयं उतरवायची. दुसरीनं ख्रिस्ती कबरस्थानातल्या दगडांवरून. दोन्हीकडं १९५१ ते १९८० एवढाच काळ घ्यायचा.

कबरस्थानासाठी सरांनी मला निवडलं, कारण माझ्या बेरजा चुकत नसत. रूथ माझ्याच बाकावर बसायची. तिचे वडील गवंडी होते, आणि ज्यांना संगमरवर परवडत नसे त्यांच्या लाद्या तेच ओतून देत. सरांनी तिला विचारलं होतं, "साळवे, तुला चालेल ना?" ती म्हणाली होती, "चालेल सर. मी तिथं तशीही जाते."

दोन दिवसांत आम्ही एकशे अठरा दगड नोंदवले. तरवडाची पिवळी फुलं बाजूला करून रूथ नाव वाचायची, मी वजाबाकी करायचे. मला ते काम आवडत होतं हे कबूल करते. आमच्यात माणूस जळतो आणि काही उरत नाही. इथं प्रत्येकाला सुरुवात आणि शेवट होता, आणि दोहोंमधलं अंतर मला काढता येत होतं. नऊ दिवस. चार महिने. एकसष्ट वर्षं. लहान मुलांच्या लाद्या कुंपणाकडेच्या एका ओळीत होत्या. त्या ओळीला लागल्यावर रूथ हळू वाचायला लागली आणि मी तिला दोनदा म्हणाले, "लवकर, ऊन चढतंय."

संध्याकाळी आई नेहमीसारखी उंबऱ्यातल्या उजेडात काजं करत बसली होती. आम्ही शिंपी. दादा, म्हणजे माझे वडील, दुकानात शिवत आणि काज-बटणं घरी येत. शर्टाला सहा काजं. आई बोलताना सुईकडं पाहत नसे.

मी तिला सांगितलं, "आई, त्यांच्यात दोन दिवसांच्या बाळालाही नाव असतं. दगडावर लिहितात. जन्म, मृत्यू, सगळं."

"दोन दिवसांच्या?"

"एक तर एकाच दिवसाचं होतं. योना."

आईनं सुईकडं पाहिलं. टाका सुटला होता. तिनं तो उसवला आणि म्हणाली, "हात-पाय धुतलेस का? तिथून आलीस तशी घरभर फिरू नकोस."

गुरुवारी वर्गात दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. नगरपालिकेच्या नोंदी खूप होत्या, म्हणून त्या तुकडीनं ठराविक अंतरानं एकेक घेऊन आमच्याएवढ्याच, एकशे अठरा, उतरवल्या होत्या. म्हाताऱ्यांचे आकडे जवळजवळ जुळले. मधल्या वयांचेही. फरक एकाच ओळीत होता. शून्य ते एक. नगरपालिका, चार. कबरस्थान, तेवीस.

"जवळजवळ सहापट," मी म्हणाले. मला फार आनंद झाला होता. मोजल्याशिवाय हे कुणाला दिसलंच नसतं.

नगरपालिकेच्या तुकडीत प्रभाकर निसळ होता. तो मान वाकडी करून म्हणाला, "म्हणजे यांची पोरं टिकतच नाहीत की."

कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "निसळ, भाषा." मग तक्त्याकडं बराच वेळ पाहून म्हणाले, "पण आकडे तेच सांगतायत. कारणं आपल्याला माहीत नाहीत. कदाचित गरिबी, कदाचित आणखी काही. माळवदे, तुझं अक्षर चांगलं आहे. निष्कर्ष तू लिही."

मी मोठ्या कागदावर काळ्या शाईनं लिहिलं, 'ख्रिस्ती समाजात एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचे प्रमाण इतर समाजापेक्षा सुमारे सहापट आढळते.' 'आढळते' हा शब्द मला खूप शास्त्रीय वाटला होता.

रूथ माझ्या खांद्यावरून वाचत होती. शाळा सुटली, पोरं गेली, तरी ती बाकावर बसून राहिली.

"आमचं काय चुकतं?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"तू हुशार आहेस, सांग ना. आमच्या आया काय वेगळं करतात?" ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. मग ती म्हणाली, "शनिवारी आई येणार आहे प्रदर्शन बघायला. मी काम केलंय म्हणून. तिला आठवा चालू आहे, शैला. ती कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. औषधाच्या बाटलीवरचंही वाचते."

"मग येऊ नको सांग."

"काय सांगून?"

तिनं दप्तर उचललं. दारापाशी गेल्यावर म्हणाली, "शमुवेलला नको होतं मोजायला. मी सांगितलं नसतं तर बावीस झाले असते."

"बावीस झाले असते तरी..." मी म्हणाले आणि थांबले. बावीस झाले असते तरी साडेपाचपट, असं मी म्हणणार होते.

ती गेल्यावर मी दोन्ही तक्ते पुन्हा पुढं ओढले. रूथचा प्रश्न बरोबर होता. काय वेगळं करतात? रूथची आई आणि माझी आई एकाच नळावर पाणी भरत. गावात एकच दवाखाना होता आणि सुईणही एकच, गंगूबाई. ती दोन्हीकडं जायची. साळव्यांच्या घरात जे जेवत तेच थोड्याफार फरकानं आमच्याकडं. सहापट फरकाला काहीतरी सहापट वेगळं असायला हवं. तेवीस जास्त आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. चार कमी असतील तर?

निसळच्या तुकडीनं उतरवलेले ते चार मी शोधून काढले. तिघांच्या पुढं मृत्यूचं ठिकाण 'सरकारी दवाखाना' होतं. चौथा पोलीस हवालदाराचा मुलगा, म्हणजे तोही सरकारी माणसाच्याच घरचा. चौघांच्याही नावाच्या जागी नाव नव्हतं. 'मुलगा', 'मुलगी', एवढंच. मग साध्या माणसाच्या घरी जन्मून घरीच गेलेलं एकही मूल नाही? तीस वर्षांत?

शाळेतून घरी येताना मला आळिवाचे लाडू आठवले.

मी सहा वर्षांची असेन. घरात शेपाच्या धुराचा वास होता, आईनं डोक्याला पांढरं फडकं बांधलं होतं आणि फळीवर पत्र्याच्या डब्यात आळिवाचे लाडू होते. ते आईचे, त्याला हात लावायचा नाही, असं मावशीनं बजावलं होतं. नंतर एक दिवस मावशीनं तो डबाच खाली काढला आणि मला म्हणाली, "खा हवे तेवढे." मी तीन खाल्ले. दुसऱ्या दिवशीही खाल्ले. डबा संपेपर्यंत ते माझेच होते. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. लाडू संपल्यावर आठवणही संपली होती.

आई उंबऱ्यात होती. मी दप्तर न उतरवता तिच्यासमोर बसले.

"आई, मी सहा वर्षांची असताना ते आळिवाचे लाडू मला का दिले?"

सुई चालू राहिली. एक टाका, दोन टाके. "कुठले लाडू?"

"डब्यातले. तुझे होते ते."

"तुला कुणी काही सांगितलं का?"

"नाही. मी विचार केला."

"विचार केला म्हणे." तिनं शर्ट मांडीवर उलटा केला. "त्या गोष्टी कुणी बोलत नाही, शैले. जा, दिवाबत्तीची वेळ झाली."

"वेळ व्हायला तास आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी निष्कर्षाचा कागद उलगडून तिच्यापुढं धरला. आई चौथीपर्यंत शिकलेली. ती ओठ हलवत, अक्षर न् अक्षर वाचत गेली. 'प्रमाण'वर अडखळली, पुन्हा मागं आली.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"अक्षर चांगलं आहे." ती थांबली. "खोटं आहे पण."

"मला वाटतंय तसं. पण मला माहीत नाही. शनिवारी रूथची आई हे वाचणार आहे. तिला आठवा चालू आहे."

आईनं सुई शर्टात खोचली. दोरा तोडला नाही, गुंडाळला. काम अर्धवट सोडून उठायची असली की ती असं करायची. पण ती उठली नाही.

"तीन दिवसांचा होता," ती म्हणाली. "मुलगा. तिसऱ्या दिवशी पहाटे अंग गार पडलं. लहानग्यांना जाळत नाहीत आपल्यात. दादांनी नेला, ओढ्याकडं. मला जाऊ दिलं नाही. बारसं बाराव्या दिवशी असतं. तीन दिवसांच्याला कसलं नाव आणि कसली नोंद? कोण जाणार नगरपालिकेत सांगायला?"

मला विचारायचं होतं ते फार होतं आणि त्यातलं काय विचारावं ते कळत नव्हतं. मग मी मला जे येत होतं तेच विचारलं. "कुठलं साल?"

"दुष्काळ संपला त्या साली. आषाढ होता."

"त्र्याहत्तर," मी म्हणाले.

"असेल." तिनं दाराबाहेरच्या आळीकडं पाहिलं. मग म्हणाली, "मी काय एकटी आहे होय? वही आण."

शिंपी आळीत एकतीस घरं होती. आईनं पहिल्या घरापासून सुरुवात केली. ती बोटावर काहीही न मोजता सांगत होती, आणि मी रेघा काढत होते. कोपऱ्यावरच्या करमासे काकूंची मुलगी, नऊ दिवसांची, लढाईत काचांना कागद लावले होते तेव्हा. त्यांच्याच सासूचे दोन, आई लग्न होऊन आली त्याच्या आधी, पण सासूनं स्वतः सांगितलेलं. निकत्यांच्या थोरल्या सुनेचे जुळे, टेरिलीनचं कापड दुकानात पहिल्यांदा आलं त्या दिवाळीत. मी प्रत्येकाचं साल ठरवत होते आणि आई कधी 'हां' म्हणत होती, कधी 'नाही, त्याच्या पुढच्या वर्षी, तेव्हा तू चालायला लागली होतीस'. हे सगळं तिच्याजवळ होतं. पंधरा वर्षं ती उंबऱ्यात काजं करत बसली होती आणि आळीतल्या बाया येऊन शेजारी बसत होत्या. त्या काय बोलत ते मी कधी ऐकलं नव्हतं.

"कुणाचं नाव लिहायचं नाही," मध्येच ती म्हणाली.

"नाही लिहीत. नुसत्या रेघा."

"ही आडवी कशाला?"

"पाचवी रेघ चारांवर आडवी काढतात. म्हणजे पाच-पाच करून मोजता येतात."

तिनं रेघांकडं निरखून पाहिलं. तीन जुड्या होत्या आणि सुट्या तीन. अठरा.

"माझा धरलास का यात?"

"नाही अजून."

"दे," ती म्हणाली.

तिनं पेन्सिल सुईसारखी, अगदी टोकाशी धरली. रेघ काढायला तिला वेळ लागला. माझ्या रेघा एकसारख्या उंचीच्या होत्या. तिची थोडी बुटकी झाली, पण तिनं इतकी दाबून काढली की मागच्या पानावर उमटली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी नगरपालिकेत गेले. जन्ममृत्यूचे कारकून चिंचोरे म्हणून होते. मी एकोणीस सालं आणि आडनावं एका चिठ्ठीवर लिहून नेली होती. ती चिठ्ठी मी नंतर फाडून टाकली, आईला शब्द दिला होता म्हणून. चिंचोऱ्यांनी आधी "परवाच तर तुमची पोरं उतरवून गेली" म्हणून कुरकुर केली. पण चष्मा लावून त्यांनी जाड वह्या काढल्या आणि मग त्यांनाही चुटपुट लागली. एकोणिसांतले दोन सापडले. दोन्ही सरकारी दवाखान्यातले.

"मी काय करणार, बाळ?" ते म्हणाले. "कुणी सांगायला आलं तर लिहिणार ना." वही मिटता मिटता त्यांनी पुन्हा उघडली आणि एक पान पाहिलं. तिथं काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही.

होशिंग सर प्रयोगशाळेत तक्त्यांना खळ लावत होते. मी त्यांच्यापुढं वही ठेवली आणि तीन वाक्यांत सांगितलं. शिंपी आळी, एकतीस घरं, तीस वर्षं. एक वर्षाखालचे मृत्यू एकोणीस. त्यांपैकी नोंद दोघांची.

"माहिती कुणी दिली?"

"माझ्या आईनं."

सरांनी खळीचा हात पुसला. "खात्रीची?"

"त्यातली एक रेघ तिची आहे."

त्या बुटक्या रेघेवर सरांचं बोट टेकलं. मग म्हणाले, "ही फक्त तुझी आळी."

"हो."

"आमच्याही आळीत विचारायला हवं होतं. विचारायची गरजही नव्हती म्हणा." त्यांनी मी सकाळी परत आणून दिलेला माझा मोठा कागद खिळ्यावरून काढला, मधोमध फाडला आणि कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "नवा निष्कर्ष लिही. जेवढं माहीत आहे तेवढंच. एक अक्षर जास्त नको."

मी लिहिलं, 'कबरस्थानात बालकांची नोंद होते. नगरपालिकेच्या वहीत बहुतेकांची होत नाही. शिंपी आळीतील एकोणीस बालमृत्यूंपैकी सतरांची नोंद नाही. त्यामुळे कोणत्या समाजात बालके अधिक दगावतात, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.' खाली वहीतलं ते रेघांचं पान तसंच चिकटवलं. सर म्हणाले, नीट उतरवून काढ. मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही.

घरी जाताना मी रूथच्या दारात थांबले आणि सगळं सांगितलं. ती चौकटीला टेकून ऐकत होती.

"तुझाही होता?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि तुला माहीतच नव्हता?"

"नाही."

"अरेरे," ती म्हणाली. शमुवेलबद्दल मी तिला एवढंही म्हणाले नव्हते. मी ते तेव्हा, तिच्या दारात उभी राहून म्हणाले. तिनं मान हलवली आणि विचारलं, "मग बावीस करायचे का तेवीस?"

"तेवीस."

"हां. तेवीसच."

शनिवारी आई शाळेत आली. यापूर्वी ती कधीच आली नव्हती. माझ्या दाखल्यालाही दादाच आले होते. इस्त्रीचं लुगडं नेसून ती ज्वालामुखी आणि पाणचक्की ओलांडून थेट आमच्या तक्त्यापुढं येऊन उभी राहिली. रूथची आई तिथं आधीच होती, एक हात कमरेवर ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. दोघी नळावर रोज भेटणाऱ्या, पण इथं एकमेकींकडं पाहून परक्यासारख्या हसल्या.

रूथच्या आईनं कबरस्थानाच्या ओळीतल्या तेवीस रेघांपैकी एकीवर बोट ठेवलं. "रूथनं दाखवलं. यातली ही शमुवेलची."

आई चिकटवलेल्या पानाकडं वाकली. तिला शोधावं लागलं नाही. "आणि ही आमची."

निसळ काही लोकांना तक्ता समजावून सांगत होता. मोठ्यानं, सरांसारखा आवाज काढून. त्या दोघींच्या मागं आल्यावर त्यानं वाक्य अर्धवट सोडलं आणि तो लोकांना पाणचक्कीकडं घेऊन गेला.

"नाव काय होतं?" रूथच्या आईनं विचारलं.

"नव्हतं," आई म्हणाली. "तीनच दिवसांचा होता. आमच्यात बाराव्याला ठेवतात."

"ते झालं. पण ठेवायचं काय होतं?"

मी आईच्या मागं उभी होते. मला तिची पाठ दिसत होती आणि पदराची कड धरलेला हात. पुढं मी बत्तीस वर्षं आरोग्य खात्यात जन्ममृत्यूचे तक्ते तपासले. शून्य ते एकची ओळ मी सगळ्यात आधी पाहायचे आणि आकडा लहान दिसला की कागद परत पाठवायचे. तिथले लोक म्हणत, माळवदे बाईंना चांगल्या बातमीचा आनंद होत नाही. त्यांना मी कधी कारण सांगितलं नाही.

आईला आठवायला एक क्षणही लागला नाही.

"माधव," ती म्हणाली.

"माधव," रूथची आई म्हणाली, आणि त्या बुटक्या रेघेकडं पाहून तिनं मान डोलावली, ओळख करून दिल्यावर डोलावतात तशी.